ऐक, दाब, थांब, बोल, सोड

माझ्या घराण्यात कमी बोलणारा माणूस आजवर झालेला नाही. आजोबा यवतमाळच्या कोर्टात वकिलाचे कारकून, वडील कचेरीत हेडक्लार्क. मामाला पाठवायच्या पोस्टकार्डाचीही सुरुवात आमच्याकडे 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी व्हायची. आई पुढच्या दारी दूधवाल्याशी आणि मागच्या दारी भांडीवालीशी एकाच वेळी बोलू शकायची, आणि दोघांनाही आपलं ऐकलं गेलं असं वाटायचं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हातात कोणी वॉकीटॉकी देऊ नये. पण राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेठनं ती दिली, आणि त्यामुळं थावरसिंग आडे नावाचा माणूस माझ्या वाट्याला आला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की पहिल्याच पानावर आमच्या जिल्ह्याचं नाव, आणि ते कधीच चांगल्या बातमीसाठी नाही. आमच्या जिनिंगच्या आवारात सरकारी खरेदी चालायची. हंगामात गेटबाहेर बैलबंड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत जायची. माणसं तीन-तीन दिवस बैलांशेजारी चादर टाकून पडलेली असायची. मी बी.कॉम. होऊन तिथं सीझन सुपरवायझर म्हणून लागलो होतो. काम म्हणजे आवक-जावकचे कागद सांभाळणं. पण इस्त्रीचा शर्ट घालून त्या रांगेसमोरून चालताना मला आपण फार मोठ्या जबाबदारीचे धनी आहोत असं वाटायचं.

आवार मोठं होतं. पुढं गेट, मग वजनकाटा, मग कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बसायचा तो ओटा. त्यामागं कापसाच्या गंज्या, एकेक दुमजली घराएवढी. पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये सरकी काढणारे रेचे आणि गठाणी बांधायची प्रेस. या टोकाचं त्या टोकाला कळवायचं तर सायकलवर माणूस पाठवावा लागे. आदल्या हंगामात एका गंजीला आग लागली, आणि सायकलवाला पंपघराशी पोचेपर्यंत तिची राख झाली. म्हणून शेठनं परवाना काढून नागपूरहून सहा वॉकीटॉकी आणल्या. सोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं.

"इंग्रजी कोणाले येते?" शेठनं विचारलं.

मी हात वर केला. आयुष्यातल्या बऱ्याच चुका मी हात वर करूनच केलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ओट्यापाशी जमवून मी व्याख्यान दिलं. रेडिओ लहरी म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं पहिली बाई उठून कामाला गेली, तिच्यामागं बाकीच्या. मी एक सेट एरिअलला धरून हवेत फिरवत मुद्दा पटवून देत होतो, एवढ्यात मागून गेटवरचा वॉचमन पुढं आला. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, अंगात कोपरांवर ठिगळं लावलेली खाकी जर्सी. त्यानं माझ्या हातातला सेट अलगद काढून घेतला.

मग तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, म्हातारा बोलायचं विसरला. तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, एरिअलले धरून उचलू नका. मोडते."

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

पुन्हा तेवढीच शांतता. "फौजेत सिग्नलमध्ये होतो जी. अठरा साल."

असे हे थावरसिंग आडे, आमचे फौजीकाका. दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातले. लान्सनायक म्हणून निवृत्त झालेले. तांड्यात मुखियाला नायक म्हणतात, आणि त्यांचा नायक ठरलेला. त्यामुळं लान्सनायक म्हणजे काय हे लोकांना समजावताना यांची पंचाईत झाली होती. शेवटी तांड्यानं आपल्यापुरता अर्थ लावला आणि त्यांना 'अर्धा नायक' म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते चालायचं.

शेठनं वॉकीटॉकीची व्यवस्था त्याच दिवशी माझ्याकडून काढून त्यांच्याकडं दिली. मी घरी सांगितलं की मी कामाचं विकेंद्रीकरण केलं.

फौजीकाकांनी माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान पाच शब्दांत बसवलं. ऐक, दाब, थांब, बोल, सोड. आधी ऐक, कोणी बोलून तर नाही राह्यलं. मग बटण दाब. एक श्वास थांब, कारण सेट उघडायला तेवढा वेळ लागतो, घाई केली तर पहिला शब्द कापला जातो. मग बोल, तोंडापासून चार बोटं दूर धरून, साध्या आवाजात. आणि बोलून झालं की सोड. सोडलं नाही तर तुले दुसऱ्याचं ऐकू येत नाही, अन् दुसऱ्याले कोणाचंच.

गंजीवर काम करणाऱ्या बायका कापूस तुडवताना हे पाच शब्द गाण्यासारखे म्हणायच्या. मला पाठ व्हायला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

त्यांनी सेटला माणसांची नावं ठेवलीच नाहीत. जागेची ठेवली: गेट, काटा, ओटा, गंजी, पंप, ऑफिस. "माणूस बदलते, जागा बदलत नाही," म्हणाले. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. "काटा, गेट बोलतो." बस. मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो, "नमस्कार, मी ऑफिसमधून सुपरवायझर बोलतो आहे, तर मला असं विचारायचं होतं की..." तेवढ्यात तीन ट्रॉल्या काट्यावरून निघून गेल्या होत्या.

गंमत म्हणजे काका सेटवर जसे होते तसेच एरवीही होते. त्या एका श्वासाची सवय त्यांच्या हाडात गेली होती. कोणी काही विचारलं की ते आधी थांबायचे. चहावाला "साखर टाकू का?" विचारून, उत्तर येत नाही असं समजून पुढं निघून जायचा, मग मागून यांचा आवाज यायचा, "कमी." आणि समोरच्यानं सांगितलेलं परत म्हणून दाखवायचे. मी म्हणालो, "काका, उद्या जरा लवकर या, साडेसातला." तर, "उद्या. साडेसात. समजलं." मला वाटायचं, आपली टिंगल चालली आहे. एकदा चिडून मी म्हणालो, "ऐकलं ना, मग परत कशाला म्हणता?"

श्वास. "तुम्ही काय बोलले ते मले माहीत आहे. मी काय ऐकलं ते तुमाले कसं कळन?"

याचा अर्थ मला पुढच्याच आठवड्यात कळला. ग्रेडरनं सात बंड्या आत पाठवायला सांगितल्या. काका जेवायला गेले होते, गेटवर दुसराच माणूस होता. मी ऐटीत सेट उचलला आणि खरखरीतून म्हणालो, "गेट, सात बंड्या सोड." त्यानं साठ ऐकलं. त्यानं परत म्हणून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. तीन दिवस खोळंबलेली माणसं. गेट उघडलेलं दिसल्यावर ती कशाला थांबतील? पाच मिनिटांत ओट्यासमोर बैलांची शिंगं एकमेकांत अडकली, ग्रेडर खुर्चीवर उभा राहून ओरडू लागला, आणि कोणाच्या तरी बैलानं माझं आवक-जावकचं रजिस्टर तोंडात धरलं. काका जेवण टाकून आले. एकेक बंडी मागं घ्यायला दुपार गेली. मला फक्त एवढंच म्हणाले, "आकडा सांगताना सुटा सांगा. साठ म्हणजे सहा, शून्य. सात म्हणजे नुसता सात. दोनदा."

त्यांच्या कामाचा सगळ्यांत जास्त फायदा झाला तो रांगेतल्या लोकांना, आणि ते शेठच्या ध्यानीमनीही नव्हतं. काका सकाळी प्रत्येक बंडीच्या धुरीवर खडूनं नंबर टाकायचे. मग दर तासाला ओट्याला विचारायचे, कितवा चालू आहे. आणि रांगेत फिरून सांगायचे, "तुमचा नंबर उद्या दुपारी. जाऊन या घरी, जागा जात नाही." आधी माणूस पाणी प्यायला उठला तरी जागा जायची भीती. आता लोक झाडाखाली निवांत झोपू लागले. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, "हे डब्यातून बोलनं तुमी सुरू केलं का, साहेब?" मी 'हो' म्हणालो. खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं.

प्रेसच्या पत्र्याच्या शेडमागं सेट मुका व्हायचा. मी तिथं उभा राहून ओरडायचो, आवाज चिरेपर्यंत. काका म्हणाले, "ओरडून पत्रा फाटत नाही साहेब. दोन पावलं बाजूले व्हा." मग त्यांनी सगळं आवार पालथं घातलं, आणि जिथून चांगलं ऐकू येतं तिथं तिथं जमिनीवर चुन्याचे गोल काढले. रांगेतल्या लोकांना वाटलं, काहीतरी उतारा आहे. महिनाभर सगळे त्या गोलांना वळसा घालून चालत होते. एका गोलात तर कोणीतरी लिंबूही ठेवून गेलं.

आता माझ्या लग्नाची गोष्ट सांगणं भाग आहे.

अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांचा ऑफिसच्या फोनवर फोन आला. मी खुर्चीत ऐसपैस बसलो आणि सुरू झालो. मी इथं मॅनेजरच आहे म्हणा ना. शेठ माझ्याशिवाय पाणीही पीत नाहीत. ग्रेडर? तो आपल्याच हाताखालचा. मजूर माझा शब्द खाली पडू देत नाहीत. पगाराचं काय, तो माणसाच्या लायकीवर असतो. मुलगी सावळी असली तरी माझी हरकत नाही, मी आधुनिक विचारांचा आहे. हे सगळं चालू असताना माझा सेट टेबलावर होता, आणि त्याच्या बटणावर मागच्या हंगामाची जाड फाइल ठेवलेली होती.

अकरा मिनिटांनी दार उघडलं. काका गेटपासून चालत आले होते. त्यांनी फाइल उचलली. सेटमधून एकदम पाच ठिकाणची खरखर आणि कोणाचं तरी दाबलेलं हसू बाहेर पडलं.

"साहेब," काका म्हणाले, "पुरं आवार तुमचं लग्न ऐकून राह्यलं."

मी फोन ठेवला.

"तुमच्या बोलन्याचं काही नाही जी. लग्नाआधी सगळेच तसं बोलतात. पण अकरा मिनिटं कोणाले कोणाशी बोलता नाही आलं. या अकरा मिनिटांत आग लागली असती तर?"

त्या वेळी मला आगीची काळजी वाटत नव्हती. शेठनंही ऐकलं असेल याची वाटत होती. शेठ दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले आणि पाण्याचा ग्लास माझ्यासमोर धरून म्हणाले, "प्यायची परवानगी आहे ना?" गंजीवरच्या बायकांची मुकादम देवकाबाई तर हंगाम संपेपर्यंत मला विचारायची, "मॅनेजर साहेब, काय म्हनली मंग पोरगी?" पोरगी नाही म्हणाली होती.

काका माझ्यावर एकदाच चिडले. मी गंजीच्या पायथ्याशी उभा होतो आणि सेटची बॅटरी उतरली. खिशात दुसरी होती. मी तिथंच, कापसात उभा राहून, मागचं झाकण उघडायला लागलो. कुठून आले कोण जाणे, त्यांनी माझं मनगट असं पकडलं की बोटांचे वळ उठले. मला ओढत बाहेर मोकळ्या जागेत नेलं. त्या दिवशी मात्र श्वासभर थांबले नाहीत.

"कापसात बॅटरी बदलता? एक ठिणगी उडाली तर तुमी, मी, वरच्या बारा बाया, कोण वाचन?"

त्यांनी चार्जरही माझ्या ऑफिसातून हलवले. मी ते कापसाच्या नमुन्यांच्या पोत्यांवर ठेवले होते, कारण प्लग तिथं जवळ होता. त्यानंतर सगळे सेट गेटजवळच्या विटांच्या खोलीत चार्ज व्हायचे, आणि सकाळी काका एकेक सेट स्वतःच्या हातानं द्यायचे, बोलून तपासून.

सहावा सेट कोणाला द्यायचा यावरून आमचा वाद झाला. मी म्हणालो, गंजीचा सेट माझ्या मदतनीस कारकुनाकडं असावा. काका म्हणाले, देवकाबाईकडं. "ती दिवसभर गंजीवर असते. तुमचा कारकून दिवसातून दोनदा येते, ते बी चपला झटकत." मी शेठकडं गेलो. अशिक्षित बाई, महागाचं यंत्र, आपटलं तर काय, वगैरे एक चांगलं मोठं निवेदन केलं. शेठ म्हणाले, फौजी म्हणतो तसं. देवकाबाईनं तो सेट पदराला गाठ मारून कमरेला बांधला आणि तिच्या हातून त्याला कधी ओरखडाही गेला नाही. माझा दोनदा पाण्याच्या टाकीत पडला.

हंगाम संपत आला होता. उन्हं तापायला लागली होती. दुपारची वेळ, मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो, आणि सेटमधून देवकाबाईचा आवाज आला.

"थांबा, थांबा, थांबा."

तीनदा 'थांबा' म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी गप्प बसायचं, हा काकांचा नियम. "गंजी बोलतो. उत्तर कोपरा. धूर हाये. बाया उतरून राह्यल्या."

तिनं बटण सोडलं. आणि मी माझं दाबलं.

काय बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. "आग! कुठं लागली आग? कोण बोलतंय? सगळ्यांनी शांत राहा, घाबरू नका! पंप, ऐकू येतंय का? शेठना बोलवा कोणीतरी! मी येतोय, मी येईपर्यंत कोणी काही करू नका!" हे मी पळत पळत, बटण आवळून धरून, अर्धा मिनिट बोलत होतो. मध्येच चप्पल निसटली, तेही सगळ्यांना सांगितलं. धाप लागली तेव्हा बोट सुटलं.

मग काकांचा नेहमीचा आवाज आला, चहात साखर कमी सांगावी तसा.

"ऑफिस, चूप. गंजी, बोल."

देवकाबाईचा आवाज फाटला होता. "कवाची बोलून राह्यली मी! कमली मागं हाये, भिंतीच्या आंगाले. ताप होता म्हून निजवली होती तिले. मी जातो आत."

"कमला, भिंतीच्या बाजूले. समजलं. पंप, पाणी भिंतीकडं मार. गंजीवर नाही, भिंतीकडं."

"पंप. भिंतीकडं. समजलं."

"काटा, ओट्यापासच्या बंड्या बाहेर काढ. गेट उघडलं आहे. ऑफिस."

मी बटण दाबलं. या वेळी तोंडातून शब्दच फुटेना, म्हणून आपोआप श्वासभर थांबलो. "ऑफिस."

"शेडचा मेन स्विच बंद करा. झाला का 'बंद' म्हना. दुसरं काही नका बोलू."

मी पळालो. खटका वर होता, दोन्ही हातांनी ओढून खाली आणला. रेच्यांची घरघर थांबली आणि एकदम बाहेरचा आरडाओरडा ऐकू यायला लागला.

"ऑफिस. बंद."

धुरातून देवकाबाई बाहेर आली ती कमलाला काखेत धरून, जवळजवळ ओढतच. दोघींच्या अंगावर पाण्याचा फवारा चालू होता. कमला गंजीवरच कामाला होती, वीस-बावीस वर्षांची असेल. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. अर्धी गंजी गेली. माणूस एकही गेलं नाही. काका या सगळ्या वेळात गेट सोडून एक पाऊलही हलले नव्हते. आगीकडं पाठ करून, चुन्याच्या गोलात उभे राहून, एकेकाला बोलत होते आणि एकेक बंडी हातानं बाहेर काढत होते. मला त्या वेळी रागच आला होता की हा माणूस धावत का येत नाही. ते धावले असते तर कोणी कोणाला काय सांगितलं असतं, हे मला फार नंतर सुचलं.

आग कशानं लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेठनं सगळ्यांसमोर काकांना विचारलं, "फौजी, निरोप वेळेवर भेटला होता का?"

काका थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मी माझ्या ओल्या, अनवाणी पायाकडं बघत होतो.

"भेटला," ते म्हणाले.

नंतर मी नळावर तोंड धूत होतो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, अर्धं मिनिट गेलं," म्हणाले. "ते अर्धं मिनिट तुमचं नव्हतं. कमलीचं होतं."

तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विटांच्या खोलीसमोरून मान खाली घालून निघालो होतो, तर त्यांनी हाक मारून सेट माझ्या हातात दिला. "ऑफिस. बॅटरी फुल आहे."

मी केळी घेऊन कमलाला बघायला यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. तासभर तिच्या खाटेशी बसून बोललो. मलमांवर बोललो, सरकारच्या धोरणावर बोललो. निघताना ती म्हणाली, "तुमीच मेन स्विच बंद केला म्हने, साहेब. तुमच्यानं वाचली मी." मी 'अगं, त्यात काय' असं म्हणालो आणि जिना उतरलो.

पुढं दोन-तीन वर्षांत ती खरेदी बंद पडली, मग जिनिंगही. शेडचे पत्रे निघाले. मी यवतमाळला विम्याच्या कामाला लागलो, जिथं फार बोलणाऱ्या माणसाची कदर होते. काका तांड्यावर परत गेले. भेटायला जाऊ, जाऊ म्हणता बरीच वर्षं गेली. एकदा दारव्ह्याला कामानिमित्त गेलो होतो, तिथून काळीपिवळी जीप पकडून त्यांच्या तांड्यावर उतरलो.

काका अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते, मिशा तशाच. मला बघून हसले, शेजारी बसायला जागा करून दिली. सुनेनं चहा ठेवला. आणि मी बोलायला लागलो. आधी इकडचं तिकडचं, मग एकदम जे सांगायला आलो होतो ते. कमलाला मी खरं सांगितलं नाही, तिनं आभार मानले आणि मी ते घेतले, अजून एखादी भाजलेल्या हाताची बाई दिसली की मी रस्ता बदलतो, हे सगळं. अर्धा तास बोललो असेन. काका माझ्या तोंडाकडं बघत होते आणि बरोबर जागी मान हलवत होते. माझे डोळे भरून आले.

सून चहा घेऊन आली. माझ्याकडं बघून संकोचली. "बापूले ऐकू येत नाही जी. दोन सालापासून. मशीन आनली होती पोरायनं, लावत नाहीत."

"मग मान कशी हलवत होते?"

"समोरचा थांबला का हलवतात," ती म्हणाली.

मी चहा प्यायलो. ऊन उतरायला लागलं तसा निघालो. काका काठी घेऊन माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आले, मी नको म्हणत असताना. ते त्यांना ऐकू आलंच नव्हतं म्हणा. जीप आली ती मागं टपापर्यंत भरलेली. काकांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून ती थांबवली. ड्रायव्हर तांड्यातलाच असावा. काका त्याच्या खिडकीशी वाकले आणि गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, त्याला काहीतरी बरंच सांगितलं. मी त्यांना सलग इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरच्या दोघांना मागं पाठवलं आणि मला बसायला जागा केली.

जीप सुटली. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले हो काका?"

"म्हने, साहेबाले पुढं बसव," ड्रायव्हर म्हणाला. "अन् बोलले तर बोलू देजो, आडवू नको. त्याईच्या मनात कायतरी अडकून हाये."

मी मान बाहेर काढून मागं पाहिलं. काका अजून रस्त्याच्या मधेच उभे होते, काठी टेकून, दुसरा हात उन्हासाठी डोळ्यांवर धरून. मागून एक बंडीवाला त्यांना बाजूला व्हायला ओरडत होता. त्यांना ते कळत नव्हतं. शेवटी तो खाली उतरला आणि बैलांचे कासरे धरून त्यांना वळसा घालून पुढं आला.

ड्रायव्हरनं टेपचा आवाज कमी केला आणि माझ्याकडं पाहिलं. दारव्हा येईपर्यंत मला एक शब्द सुचला नाही.